चेंडूकडे न बघणारे शिंगटे काका

शिंगटे काका फुटबॉलची मॅच बघायला जायचे, पण चेंडूकडे बघायचे नाहीत. अख्खं स्टेडियम चेंडूमागे माना वळवत असताना हे गृहस्थ मैदानाच्या भलत्याच कोपऱ्यात नजर लावून बसलेले असत. चेंडू उंच उडाला, लोक ओरडत उभे राहिले, तरी काका जागच्या जागी पुटपुटायचे, "हां, सरक. सरक लेका. आता थांब." आणि ज्याला उद्देशून हे चाललेलं असे, तो वीस वर्षांचा धिप्पाड पोरगा तिकडे लांब खरंच सरकायचा आणि थांबायचा. काकांचं ऐकून नव्हे, हे उघड आहे. पण पहिल्या दिवशी मला क्षणभर तसं वाटलं होतं खरं.

तो दोन हजार पाचचा सप्टेंबर होता. मी लग्न करून नागपूरहून कॅनडातल्या विंडसरला आले त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. नितीन इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता, आणि विद्यार्थ्यांना कॉलेजच्या फुटबॉलची तिकिटं फुकट मिळत. फुकट म्हटल्यावर आम्ही गेलो. मैदानावर हेल्मेट घातलेले चोवीस पैलवान एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, मिनिटाला शिट्टी वाजत होती, आणि चेंडू बहुतेक वेळ कुणाच्या तरी काखेत होता. मी न राहवून मोठ्याने म्हटलं, "पायाने मारतच नाहीत, तर याला फुटबॉल काहून म्हणतात?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ते नको इचारू. पस्तीस वर्षं झाली, मला बी कुणी सांगितलं न्हाई."

वळून पाहिलं तर डोक्याला लोकरीची टोपी, गुडघ्यावर चौकडीचं ब्लँकेट आणि हातात चहाच्या थर्मासचं झाकण घेतलेले साठीचे गृहस्थ. "नागपूरच्या काय? काहूनवरनं वळखलं," म्हणाले, आणि न विचारता झाकणातला चहा माझ्यापुढे केला. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'नागपूर' ठेवलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

वसंतराव शिंगटे मूळचे सांगलीकडचे. इंजिनियर होऊन सत्तर साली कॅनडात आले, आणि गाड्यांचे पत्रे दाबून काढणाऱ्या कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं डाय, म्हणजे पत्र्यांचे साचे, डिझाइन करून निवृत्त झाले. इंग्रजी झकास बोलायचे. मराठी मात्र सांगलीहून आणली तशीच वापरत, तिला कॅनडाचं पाणी लागू दिलं नव्हतं. आणि तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. कॉलेजच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे. कोपऱ्यावरचा गडी म्हणजे चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्याला आपल्या अंगणात आडवा पाडणारा. एका पकडीत त्यांचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. कोपरा काही सुटला नाही.

कॅनडात पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांना कॉलेजचं फुटबॉल बघायला नेलं. बाकीच्या देशी लोकांना त्यात नुसती हाणामारी दिसली, काकांना त्यात कबड्डी दिसली. "समोरच्याला तीन डाव. तीन डावात त्यानं धा यार्ड पुढं जायचं. आपण जाऊ द्यायचं न्हाई. आता ह्यात न कळण्यासारखं काय हाय?" त्यांच्या मते चेंडू घेऊन पळणारा म्हणजे चढाईला आलेला गडी, आणि त्याला रोखणारे बारा जण ही खरी मॅच. मी चेंडूमागे मान वळवली की पाठीत थर्मासचं टोक बसायचं. "आगं, बॉलकडं काय बघतीस? बॉल काय सगळ्यांस्नीच दिसतोय. मागचं दार कुणी उघडं टाकलंय ते बघ."

मी बघायला लागले, आणि दोन-तीन मॅचमध्ये मला चक्क दिसायला लागलं! कुणाचे पाय जड झालेत, कोण शेजाऱ्यावर विसंबून उभा आहे, कोण आधीच एक पाऊल पुढे सरून फसणार आहे. नितीन कंटाळून लॅबमध्ये जायला लागला. मी मात्र दर घरच्या मॅचला काकांच्या शेजारी.

त्या बाकावर आणखी दोघं कायमची होती. टोनी, इटालियन घरातला, काकांच्याच कारखान्यातला निवृत्त टूलमेकर. आणि बार्ब, जिने वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. दोघंही काकांना 'कोच' म्हणत. हंगामाच्या पहिल्या मॅचला पहिला क्वार्टर संपला की तिघं-चौघं काकांकडे तोंड करून बसत, आणि काका यंदाच्या बचावाचा निकाल सांगत. निकालाचे चारच शब्द होते. भिंत, कुंपण, पडदा आणि तोरण. भिंत म्हणजे कुणी आत येत नाही. कुंपण म्हणजे येतो, पण ओरबाडून निघतो. पडदा म्हणजे नुसता बाजूला सारायचा. आणि तोरण म्हणजे काय हे सांगायलाच नको. खालून जाताना पाहुण्याला उलट बरंच वाटतं. टोनी आणि बार्बला हे चारही शब्द पाठ होते. एका वर्षी आमच्या संघाने पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन टचडाउन खाल्ले, म्हणजे समोरचे दोनदा थेट शेवटच्या रेषेपार गेले, तेव्हा बार्ब उभी राहून दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "तोरण! यू बंच ऑफ तोरण!" पुढच्या बाकावरच्या पालकांनी कौतुकाने मागे पाहिलं. त्यांना वाटलं, काहीतरी प्रोत्साहनपर असावं.

गंमत म्हणजे इतक्या वर्षांत काकांनी 'भिंत' हा निकाल एकदाही दिला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीचं कौतुक केलं की तिला भोक पडतंय."

फुटबॉलचा हंगाम आणि गणपती एकाच वेळी येतात, हे एक मोठंच संकट होतं. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये शनिवारी बसायचा आणि शनिवारीच बसायचा, कारण जिम त्याच दिवशी मिळे. एका वर्षी कमिटीने आरती दुपारी एकला ठेवली. एकलाच मॅच. काका मीटिंगमध्ये उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "गणपतीला कसली घाई हाय? त्यो आमचाच माणूस हाय, दोन तास आधी उठंल. त्या पोरांचं तसं न्हाई. त्यांची शिट्टी वाजली की वाजली." आरती अकराला झाली. काका तबकातला मोदक रुमालात गुंडाळून स्टेडियमवर आले आणि तो टोनी-बार्बने अर्धा-अर्धा खाल्ला.

काका कुठेही गेले तरी त्यांना आधी बचावच दिसायचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा आले, तर खुर्चीवर बसायच्या आधी खिडकीच्या कडेने तळहात फिरवला आणि म्हणाले, "हितनं चढाई हाय. जानेवारीत आत येणार." दुसऱ्या दिवशी प्लास्टिक आणि चिकटपट्टी घेऊन हजर. त्या खिडकीतून त्या हिवाळ्यात वारा आला नाही. दुसरीतून आला, पण ती मी काकांना दाखवलीच नव्हती, असं ते पुढची चार वर्षं ऐकवत होते.

शालन काकू म्हणजे त्यांच्या बरोबर उलट. बारीक, मऊ आवाजाच्या, फुटबॉलचं नाव काढलं की कपाळाला आठी. दोन हजार सातमध्ये त्यांच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. काका त्यांना गाडीने न्यायचे, चार तास बसायचे, परत आणायचे. एकदाही चुकलं नाही. मुलगा अनिल लांब एडमंटनला. तो दर रविवारी फोन करून म्हणायचा, "बाबा, कम लिव्ह विथ अस." आणि काका म्हणायचे, "आमचं हितं बरं चाललंय." विंडसरच्या त्या छोट्या विटांच्या घरात मागे त्यांची मेथी होती, बेसमेंटमध्ये त्यांची हत्यारं होती आणि दहा मिनिटांवर स्टेडियम होतं. काकू तर म्हणायच्या, "मला या घरातूनच न्या, दुसरीकडे कुठे नेऊ नका."

काकूंच्या एका सवयीची सगळं मंडळ थट्टा करायचं. काका गाडी चालवत आणि काकू शेजारी बसून तोंडाने चालवत. "लाल आहे हो. झाला हिरवा. डावीकडून बस येतेय." आम्ही म्हणायचो, काकांना लायसन्स फुकटच दिलंय, स्टिअरिंगवर फक्त हात त्यांचे आहेत. काकू हसायच्या. काकाही हसायचे.

आणि दोन हजार आठच्या हंगामात एक नवीन गोष्ट सुरू झाली. काकू मॅचला येऊ लागल्या. म्हणजे स्टेडियमवर नव्हे. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायच्या. अंगावर शाल, मांडीवर जुना दिवाळी अंक, तीन-तीन तास. मी आत बोलावलं तर म्हणाल्या, "मला नाही बाई ती गर्दी सोसत. इथंच बरी आहे." आदल्या दिवशी डायलिसिस झालेली बाई थंडीत गाडीत का बसते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

त्याच वर्षी काकांनी माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "सांग बघू नागपूर, डावा कोपरा कुठं उभा हाय?" मी सांगायची. "आन् मधला? पाय कुठं टाकलाय त्यानं?" मी सांगायची. "बरोबर," काका म्हणायचे आणि मग पुढचा अंदाज करायचे. मला वाटायचं, गुरू शिष्याला तयार करतोय. मी भलतीच खूश होते, घरी जाऊन नितीनला ऐकवायची की आज काकांचे सगळे प्रश्न मी बिनचूक सोडवले.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरमधली पहिली मॅच. बारीक थंड भुरभुर होती. मी लॅबमध्ये नितीनला डबा देऊन उशिरा पोचले, तोवर पहिला क्वार्टर संपत आला होता. आमच्या संघाचा बचाव अक्षरशः फाटला होता. समोरचे डाव्या बाजूने येत होते आणि हवे तितके यार्ड घेऊन जात होते. टोनी आणि बार्ब निकालाची वाट बघत काकांकडे वळले. काका समाधानाने म्हणाले, "भिंत. औंदा भिंत हाय. त्यो एकवीस नंबर बघा कसा रोवून उभा राह्यलाय."

मी मैदानाकडे पाहिलं. एकवीस नंबर तिथे नव्हताच. तो पोरगा मागच्या वर्षी पास होऊन गेला होता. त्याच्या जागी नवा, घाबरलेला, सदतीस नंबरचा पोरगा होता, आणि त्याच्याच बाजूने सगळे पळत होते.

मी काही बोलायच्या आत टोनीने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको अशी. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येस, कोच. भिंत." बार्ब थर्मासमध्ये बघत होती.

मध्यंतराला मी टोनीला गाठलं. तो म्हणाला, "ही कान्ट सी द फील्ड, किड. सिन्स लास्ट इयर." मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "बट शालन ड्राइव्ह्ज, राइट? शी इज ऑलवेज इन द कार."

काकूंना गाडी येत नव्हती. त्या कधी शिकल्याच नव्हत्या. आणि मला माझ्या सगळ्या बिनचूक उत्तरांची एकदम लाज वाटली. ती परीक्षा नव्हतीच. मी वर्षभर त्यांना मॅच सांगत होते.

पाऊस होता म्हणून त्या दिवशी काकांनी मला घरी सोडायचं ठरवलं. मी मागच्या सीटवर बसले. नाही म्हणायला हवं होतं, पण मला बघायचं होतं. काकूंचं सुरू झालं. "डावीकडे रिकामं आहे. हां, चला. पुढे लाल आहे, थांबा हळू." वर्षानुवर्षं ज्यावर हसलो ते मी पहिल्यांदा ऐकत होते. मग काकूंचा आवाज थांबला. आदल्या दिवसाचा थकवा, गाडीतली ऊब, वायपरची लय. पुढचा सिग्नल लाल होता आणि गाडीचा वेग कमी होत नव्हता.

"काका, लाल!" मी किंचाळले.

गाडी क्रॉसिंगच्या मधोमध थांबली. छत्री घेतलेला एक माणूस बॉनेटपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, बॉनेटवर दोन बोटं आपटली आणि निघून गेला. थोड्या वेळाने काकू अगदी हळू म्हणाल्या, "डोळा लागला हो माझा."

दुसऱ्या दिवशी रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा टाकला आणि कप पुढे करतानाच म्हणाल्या, "अनिलला सांगू नकोस." मी म्हटलं, "काकू, तो माणूस..." तर त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. मी पण तिथंच होते. पण मला हॉस्पिटलला कोण नेणार? तू? तुला गाडी येत नाही. आणि अनिलला कळलं की तो उद्या येऊन घरापुढे पाटी लावेल विकायची." त्यांचं म्हणणं खरं होतं, हेच मोठं अवघड होतं. मी स्वतः नागपूरचं स्कूटरचं लायसन्स कपाटात ठेवून चार वर्षं बसने फिरत होते.

काका टेबलाशी बसून होते. दोन वर्षांपूर्वी, काकूंचं डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, सांगलीला गेले असताना त्यांनी तिथल्या डॉक्टरला डोळे दाखवले होते. इथे दाखवले तर इथला डॉक्टर लायसन्सवाल्यांना कळवणार, म्हणून सांगलीला. "मधलं पुसत चाललंय," ते म्हणाले. "कडंचं दिसतंय. आत्ता तुझ्या तोंडाकडं बघतोय तर तोंड न्हाई दिसत. कानातलं दिसतंय."

"मग गाडी कशी चालवता, काका?"

"ही सांगती, मी चालवतो. हिला माझे हात-पाय, मला हिचे डोळे. कबड्डीतल्यावानी साखळी हाय आमची," काका म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता, आणि मला तो बघवेना. मी नागपूरची, मला गोड बोलून वळसा घालता येत नाही. मी म्हटलं, "काका, चाळीसेक वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांचे बचाव तपासले. टोनीचं, बार्बचं मन राखायला कधी खोटा निकाल दिला नाही. आता तुमच्या दोघांच्या साखळीचा निकाल सांगा. काल त्या सिग्नलला काय होतं ते? कुंपण? पडदा?"

काका बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कडेवर अंगठा फिरवत बसले. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"तोरण," काका म्हणाले.

काकू कप तसाच ठेवून आत निघून गेल्या. काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर चाचपत माझ्या बाजूला सरकवली.

सोमवारी डायलिसिसला टोनी आला. मी त्याला फोन केला तेव्हा तो इतकंच म्हणाला, "व्हॉट टाइम?" बुधवार बार्बने घेतला. "हनी, आय ड्रोव्ह फॉर्टी स्क्रीमिंग किड्स," ती म्हणाली. "आय कॅन ड्राइव्ह वन क्वाएट लेडी." शुक्रवार काकांच्याच गाडीसकट नितीनकडे आला, आणि मी गाडी शिकेपर्यंत राहिला. मला बार्बनेच शिकवलं, रिकाम्या मॉलच्या पार्किंगमध्ये, बसची शिस्त लावून. काकांनी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि लायसन्स परत केलं. अनिललाही त्यांनी स्वतःच फोन केला.

काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मंडळाच्या दिवाळीत मी समोर आले तर त्यांनी ताटावरून नजर काढली नाही. मला वाईट वाटायचं, रागही यायचा, आणि रोज मनात येई की बरं चाललेल्या घरात मी जाऊन बोट घातलं.

ऑक्टोबरच्या शेवटी हंगामातली शेवटची घरची मॅच होती. या वेळी मी उघडपणे काकांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. आता लपवायचं काहीच नव्हतं, त्यामुळे मजा आली. शेवटच्या दोन मिनिटांत समोरचे आमच्या गोलरेषेपासून तीन यार्डांवर येऊन ठेपले. तीन डाव त्यांच्या हातात. टोनीने टोपी काढून तोंडात धरली होती.

"सांग," काका म्हणाले.

"मधून आले. पडला. मध्यातल्या दोघांनी मिळून पाडला. दोन यार्ड राहिले."

"आता डावीकडनं येणार. त्यो नवा पोरगा कुठं हाय?"

"सदतीस? बाहेर आहे. फार बाहेर. नाही, सरकला आत. काका, पाय रोवलेत त्याने."

"शेजारचा त्याच्याजवळ हाय का लांब?"

"जवळ. अगदी खांद्याला खांदा."

"मग येऊ दे," काका म्हणाले.

ते डावीकडून आले. सदतीसने खाली वाकून पळणाऱ्याचे पाय धरले, शेजारचा वरून पडला, आणि रेषेच्या हातभर अलीकडे सगळा ढीग कोसळला. तिसरा डावही तिथेच मेला. बार्ब माझ्या अंगावर पडून रडत होती. काका मात्र बसलेलेच. टोनीने वाकून विचारलं, "कोच? भिंत?"

"कुंपण," काका म्हणाले. "चांगलं काटेरी." पण डोळे पुसत होते.

जानेवारीत एका शुक्रवारी मी पहिल्यांदा काकूंना एकटी घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते आणि मी गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. काकू शेजारी दगडासारख्या बसून. पहिला सिग्नल आला आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लाल आहे हो."

"दिसतंय मला, काकू," मी म्हटलं.

त्या एकदम हसल्या, मग त्यांना रडू आलं. "दीड वर्ष झोपेत पण सिग्नल बघत होते मी," त्या म्हणाल्या. परत येताना त्या गाडीत गाढ झोपल्या, तोंड उघडं टाकून. मी त्यांच्या घरापुढे पंधरा मिनिटं गाडी तशीच सुरू ठेवून बसून राहिले.

आम्ही तो हिवाळा काढला. पण काकूंना मार्चमध्ये इन्फेक्शन झालं, हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढल्या, आणि अनिल आला तो ठरवूनच आला. काका म्हणाले, "किती दिवस लोकांस्नी राबवायचं?" एप्रिलमध्ये घर विकलं गेलं.

एडमंटनला ते दोन वर्षं होते. काका अधूनमधून फोन करून आमच्या संघाच्या बचावाची चौकशी करत, आणि मी जे सांगेन त्यावर निकाल देत. एका फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. काका दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले आणि बसल्या बसल्याच गेले. "मी आधी जायचं ठरलं होतं गं आमचं," काकू म्हणाल्या. टोनीला मी जाऊन सांगितलं. तो गॅरेजमध्ये काहीतरी घासत होता, ते तो बराच वेळ तसंच घासत राहिला.

काकांची आठवण आली की मला ते विंडसर सोडून निघाले तो दिवस आठवतो. गाडीत सामान भरून झालं होतं, काकू पुढे बसल्या होत्या. मी रिकाम्या गॅरेजच्या दारात उभी होते. ते घर माझ्यामुळे गेलं, हे मनातून जात नव्हतं, आणि त्या दिवशी मी ते बोलून टाकलं. म्हटलं, "काका, मला माफ करा. मी गप्प बसले असते तर तुम्ही इथेच असता."

काका माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत उभे राहिले. माझ्याकडे बघायचं असलं की ते असंच बघत.

"तुला एक सांगायचं राह्यलं," ते म्हणाले. "तू धरलंस त्या सप्टेंबरात. त्याच्या आधी मे महिन्यात, हितंच, ह्या गल्लीच्या टोकाला माझी गाडी कशाला तरी धडकली. उतरून बघितलं तर कचऱ्याचा डबा. ही बी उतरली. डबा उचलला, तर खाली लहान पोराची सायकल. चेपलेली. पोर न्हवतं. आसपास कुठंच न्हवतं. आम्ही दोघांनी डबा सरळ केला, सायकल गवतावर ठेवली आन् घरी आलो. ही एक शब्द बोलली न्हाई. मी बी न्हाई. दुसऱ्या दिवशी शुक्रवार हुता. परत गाडी काढली."

गाडीतून अनिलने हळूच हॉर्न वाजवला. काका हलले नाहीत.

"रोज सकाळी किल्ली उचलली की वाटायचं, आज कुणीतरी धरंल. टोनी धरंल, मंडळातलं कुणी धरंल, पोलीस धरंल. एवढी माणसं रोज बघत हुती." त्यांनी चाचपून माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. "चार महिनं वाट बघितली, पोरी. कुणी धरंचना."